म्हाळूमामाची कातर

“उद्या युवराजच्या अंगावरचा एक केस जरी कमी दिसला ना हेमलता, तर त्या गाळ्याचं नाव पुन्हा काढायचं नाही,” वहिनीसाहेब म्हणाल्या, आणि वर गोड हसल्याही. मोठ्या घरच्या बायका धमकी देताना हसतात, हे मला एव्हाना पाठ झालं होतं. मीही हसले. न हसून जाते कुठं?

युवराज म्हणजे त्यांचा ल्हासा जातीचा कुत्रा. उंची वीतभर आणि केस जमिनीवर लोळणारे, मधाच्या रंगाचे. चालायला लागला की पाय दिसायचेच नाहीत, गालिचाच सरकत निघालाय असं वाटायचं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, कोल्हापुरात कुत्र्यांचं प्रदर्शन होतं. गेल्या वर्षी युवराजला दुसरं बक्षीस मिळालं होतं आणि ते वहिनीसाहेबांच्या घशाखाली उतरलं नव्हतं, कारण पहिलं बक्षीस त्यांच्या सख्ख्या नणंदेच्या कुत्र्याला गेलं होतं. एवढ्यावर पाच माणसांचं घर वर्षभर धुमसत होतं. दुसरं काही काम नसलं की माणसं अशी होतात.

ही पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा एकतीस वर्षांची. बंगलोरला मावशीकडे दोन महिने राहून मिसेस डिकॉस्टा नावाच्या बाईंकडे कुत्र्यांचे केस विंचरायचं, कापायचं काम शिकून आले होते. आमच्याकडे तोवर असा काही धंदा असतो हेच कुणाला माहीत नव्हतं. सासूबाईंनी मात्र तो सगळ्यांना एका वाक्यात समजावून दिला. हळदीकुंकू असो, बारसं असो, गिरणीतली दळणाची रांग असो, चार बायका दिसल्या की त्या सुरू. “आमची सून कुत्र्यांची ढुंगणं धुते.” मग सगळ्या पदर तोंडाला लावून खिदळायच्या. स्वतःच्या पोरांची नाकं त्याच पदराला पुसणाऱ्या या बायका! मला त्यांची शिसारी यायची. आणि तितकंच ते वाक्य झोंबायचं, हेही खरं.

म्हणून मला गाळा हवा होता. वहिनीसाहेबांच्या इमारतीतला, हमरस्त्यावरचा. त्याला काचेचा दरवाजा लावायचा, वर माझ्या नावाची पाटी लावायची आणि सासूबाईंना रिक्षात घालून त्याच्यासमोरून एकदा न्यायचं, एवढंच माझं स्वप्न होतं. वहिनीसाहेबांनी कबूल केलं होतं, पण युवराज पहिला आला तरच.

तर तो शनिवार. दिवाळी होऊन आठवडा झालेला. बंगला गावाबाहेर, वहिनीसाहेबांच्याच शेताला लागून. मी पोर्चमध्ये टेबल मांडून युवराजला त्यावर उभा केला, आणि वहिनीसाहेब नणंदेच्या कुत्र्याची खबर काढायला फोनवर गेल्या. मी डोक्याकडून सुरुवात केली. दाढी विंचरली, कान विंचरले, पाठीवर मधोमध भांग पाडला. युवराज नेहमीसारखा उभा राहीना. सारखा बसायचा, मान वळवून मागं चाटायला बघायचा. आणि मला वास येत होता. मी बुधवारी मारलेल्या अत्तराच्या फवाऱ्याखालून तो वास येत होता.

इथं बुधवारचं सांगायला हवं. मिसेस डिकॉस्टांनी पहिल्या दिवशी शिकवलेला नियम असा, की लांब केसांच्या कुत्र्याला विंचरायची सुरुवात मागून करायची. शेपटी उचलायची, तिथले केस थराथरानं उलगडायचे आणि कंगव्याचे दात कातडीला टेकेपर्यंत सोडायचं नाही. “पुढचं मालक बघतो,” त्या म्हणायच्या, “मागचं तू बघायचं. दुसरं कुणी बघत नाही.” बुधवारी मी आले तेव्हा पोर्चमध्ये वहिनीसाहेबांच्या पाच मैत्रिणी चहाला बसल्या होत्या. रेशमी साड्या, हातात फराळाच्या बशा. त्यातली एक म्हणाली, “अगंबाई, म्हणजे तू ह्याचं सगळं करतेस? मागचंसुद्धा?” बाकीच्या हसल्या. अगदी गिरणीतल्या बायका हसतात तशाच हसल्या. साड्या तेवढ्या वेगळ्या.

त्यांच्यासमोर मी शेपटी उचलली नाही.

वरवर ब्रश फिरवला, तेलपाणी लावलं, फवारा मारला. केस धबधब्यासारखे खाली आले. सगळ्या “वा, वा” म्हणाल्या. दिवाळीच्या चार दिवसांत युवराजनं करंज्या आणि अनारसे खाऊन पोट बिघडवून घेतलं होतं, हे मला माळ्याकडून आधीच कळलं होतं. तरीही मी शेपटी उचलली नाही.

“ताईसाब, त्ये कुत्रं सारखं मागं का बसतंय?”

मी दचकून वळले. पोर्चच्या कडेला बागेचा नळ होता, तिथं एक म्हातारा धनगर कळशी भरत होता. डोक्याला तांबडा पटका, खांद्यावर घोंगडी. कमरेला लोकर कातरायची कातर खोचलेली, लोखंडी, दोन पात्यांची, मागं कमान असलेली. मी त्याला येताना पाहिलं होतं. बंगल्यामागच्या कापणी झालेल्या रानात त्याची मेंढरं बसवली होती. लेंडीखत मिळावं म्हणून शेतकरी असे कळप आठ-दहा रात्री शेतात बसवून घेतात. त्या सकाळी तो मेंढरं कातरत होता. माळी त्याला म्हाळूमामा म्हणत होता.

“काही नाही मामा. हट्टी आहे जरा,” मी म्हणाले.

तो कळशी तिथंच ठेवून दोन पावलं पुढं आला. नाकानं हुंगलं. “आळ्या पडल्यात त्याच्या ढुंगनाला.”

तोच शब्द! माझं डोकंच फिरलं. “मामा, ही तुमची मेंढी नव्हे. तिबेटातली जात आहे ही. पाणी भरा आणि आपल्या कामाला लागा.”

“जात कंची बी आसू द्या. माशीला काय ठावं तिबेट?” तो शांतपणे म्हणाला. “वर करून बगा की.”

मला त्याचा इतका राग आला, की मी त्याला खोटं पाडायला म्हणूनच शेपटी वर केली.

केस उलगडलेच नाहीत. शेपटीच्या मुळापासून मांड्यांपर्यंत सगळ्याचा एकच गठ्ठा झाला होता, वाळून कडक झालेला, जाड घोंगडीच्या तुकड्यासारखा. त्याच्या कडेनं कातडी ओली, लाल होती. आणि त्या लाल कडेवर पांढरं काहीतरी हलत होतं. एक नाही, दोन नाही, वळवळ चाललेली. युवराज कण्हला.

आता खरी मजा ऐका. मी शेपटी खाली सोडली, कंगवा घेतला आणि पाठीवरचे केस मागं ओढून त्या जागेवर नीट पसरायला लागले. खरंच सांगते. तो गठ्ठा काढायचा म्हणजे कुत्रा मागून पार बोडका होणार. प्रदर्शन गेलं, गाळा गेला. उद्या संध्याकाळपर्यंत निभावलं की झालं, मग डॉक्टरला दाखवू, असं मी मनाशी म्हणत होते. एका दिवसानं काय होतंय?

म्हातारा बघत उभा होता. “काय करताय वो ह्ये?”

“उद्या प्रदर्शन आहे मामा. उद्या संध्याकाळी काढते मी ते.”

“उद्याच्याला कुत्रं ऱ्हायाचं न्हाई. आत शिरत्यात त्या. माजी दोन मेंढरं गेली औंदा आशीच, येका दिसात.” त्यानं कमरेची कातर काढून हातात घेतली. “म्या कातारतो. तुमी फकस्त धरा.”

मी हो म्हणाले नाही. नाही पण म्हणाले नाही. युवराजला टेबलावरून उचलून खाली म्हाताऱ्याच्या मांडीवर दिला आणि त्याचं डोकं माझ्या काखेत धरलं. तोंडातून एक अक्षर काढलं नाही. मी सांगितलं नव्हतं, असं पुढं म्हणता यावं म्हणून गप्प राहिले, आणि हे मला तेव्हाच कळत होतं. पंचवीस वर्षांनी काही उमगलं वगैरे भानगड नाही.

त्यानं कुत्र्याला मेंढरू धरतात तसं कुशीवर घेतलं. डाव्या अंगठ्यानं कातडी ताणून धरली, कातरीची पाती अगदी आडवी टेकवली आणि शेपटीच्या मुळापासून खाली निघाला. करकर करकर, एका लयीत. सुजलेल्या कातडीला एकदाही पातं लागलं नाही. बंगलोरला दोन महिने मी परदेशी कात्र्या हाताळल्या होत्या, पण असा हात मी मिसेस डिकॉस्टांचाही पाहिला नव्हता. गठ्ठा सलग एका तुकड्यात सुटून आला. मग त्यानं कातर बाजूला ठेवली, घोंगडी खाली अंथरली आणि बोटांनी एकेक अळी काढून टाकायला लागला. अजिबात किळस न करता. मी तोंड फिरवलं होतं आणि तो कुत्र्याशी बोलत होता, “झालं बग बाळा, झालं.”

मग बांधावरच्या सीताफळाचा पाला ओरबाडून आणला, नळाजवळच्या दगडावर ठेचला आणि पिळून रस सगळीकडं सोडला. उरल्यासुरल्या अळ्या आपोआप बाहेर यायला लागल्या. युवराज पहिल्यांदाच सैल पडला. जीभ बाहेर काढून म्हाताऱ्याचं मनगट चाटायला लागला.

“हेमलता!”

वहिनीसाहेब दारात उभ्या होत्या. त्यांची नजर आधी युवराजच्या उघड्या मागच्या भागावर गेली, मग जमिनीवरच्या मधाच्या रंगाच्या गठ्ठ्यावर. अळ्यांवर गेलीच नाही. “कुणी केलं हे? कुणी कापलं?”

म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं. साधंच बघितलं, मी आता सांगेन या भरवशानं.

“ह्यांनी,” मी म्हणाले. “मी नको नको म्हणत होते वहिनीसाहेब. हे ऐकेचनात. कातर घेऊन सुरूच झाले.”

एकदा तोंड सुटलं की सुटलं. वहिनीसाहेब “आणि हे किडे कसले?” म्हणून किंचाळल्यावर मी पुढं म्हणाले, “बुधवारी काही नव्हतं. मी स्वतः शेपटी उचलून बघितलंय. ही मेंढरं आली आणि माश्या आल्या. दुसरं काय?”

म्हातारा क्षणभर माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मग हात धोतराला पुसले आणि वहिनीसाहेबांना म्हणाला, “व्हय. म्याच कातारलं.”

एवढंच. माझं नाव घेतलं नाही. ‘हिनंच धरलं होतं कुत्रं’ म्हणाला असता तर मी काय केलं असतं, कुणास ठाऊक. बहुतेक तेही नाकारलं असतं.

वहिनीसाहेबांनी दिवाणजींना हाक मारली. मेंढरं आत्ताच्या आत्ता रानातून हलली पाहिजेत, असा हुकूम सुटला. दिवाणजी चाचरत म्हणाले, आठ रात्री ठरल्यात, दोनच झाल्यात. म्हाळूमामानं हात जोडले. “आईसाब, सून बाळंत झालीया पालात. चार दिसाचं ल्योकरू हाय. आजची रात तेवडी काडू द्या. सकाळच्याला उठतो.”

“माझ्या कुत्र्याचं वाटोळं केलंत आणि वर सवलत मागताय?”

त्यानं दुसऱ्यांदा मागितलं नाही. माझ्यापर्यंत आला. आता शिव्या घालेल, थुंकेल, म्हणून मी अंग चोरलं. त्यानं तसं करावं, असंच मला वाटत होतं. तो खालच्या आवाजात म्हणाला, “ताईसाब, सीताफळाचा पाला चार दिस लावा, सांजसकाळ. माशी बसू दिऊ नगा. आन शेपूट उचलून बगत जावा. त्यात लाजायचं काय?” आणि तसाच कळशी उचलून रानाकडं गेला.

त्याला सगळं कळलं होतं. त्या गठ्ठ्याकडं बघून तो किती दिवसांचा आहे हे धनगराला कळणार नाही तर कुणाला?

डॉक्टर कुरणे दोन तासांनी आले. जनावरांचे डॉक्टर, घाईत असणारे गृहस्थ. युवराजला उलटापालटा करून त्यांनी बघितलं, इंजेक्शन दिलं आणि चष्मा वर करून म्हणाले, “हे कातरलं कुणी? फार छान हात आहे. संध्याकाळपर्यंत राहिलं असतं तर अळ्या आत शिरल्या असत्या. मग मी येऊन काही उपयोग नव्हता. ज्यानं कुणी केलं त्यानं तुमचा कुत्रा वाचवलाय वहिनीसाहेब.”

वहिनीसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. खरं सांगायला तेवढी एक फट मिळाली होती. रानात अजून पाल सोडणं चाललं होतं, कोकरं ओरडताना ऐकू येत होती. एक माणूस धाडला असता तरी सगळं थांबलं असतं.

“मीच सांगितलं त्यांना कातरायला,” मी म्हणाले. “मला शंका आली होती. माझ्या कात्र्या एवढ्या जाड गठ्ठ्याला चालत नाहीत, म्हणून त्यांची कातर घ्यायला लावली.”

“पण मघाशी तर तू म्हणालीस...”

“घाबरले होते वहिनीसाहेब. तुम्ही रागावाल म्हणून.”

तुम्हाला वाटेल त्यांनी मला हाकलून दिलं असेल. छे! त्यांचा चेहरा उजळला. आपल्या कुत्र्याला रस्त्यावरच्या धनगरानं वाचवलं, यापेक्षा बंगलोरला शिकलेल्या आपल्या बाईनं वाचवलं, हे नणंदेला सांगायला कितीतरी बरं. सोयीचं असलं की अशा लोकांना सगळं पटतं. “शहाणी आहेस,” त्या म्हणाल्या. “प्रदर्शनाचं जाऊ दे. गाळ्याची किल्ली सोमवारी दिवाणजींकडून घे.” मेंढरांना थांबवायचं मात्र त्यांच्या मनात आलं नाही, आणि मीही आठवण करून दिली नाही. म्हाताऱ्याला परत बोलावलं असतं तर तो तोंड उघडेल, ही भीती होती.

गाळा मिळाला. काचेचा दरवाजा लागला, पाटी लागली. सासूबाईंना रिक्षातून नेलं. त्यांनी पाटी वाचली आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, “आता दुकान काढून धुते.” मरेपर्यंत त्यांचं तेच चालू होतं. आज माझ्या हाताखाली तिघी जणी आहेत आणि बाईंचा हात काय छान, बाई स्वतः शेपटीपासून सुरुवात करतात, असं गिऱ्हाइकं कौतुकानं सांगतात. मला त्या गिऱ्हाइकांची कीव येते. त्यांना काय माहीत मी काय आहे ते!

पण त्या दुपारचं एक राहिलं. डॉक्टरांसाठी चहा आला, मलाही पोर्चमध्ये खुर्ची मिळाली. त्या घरात मला खुर्ची मिळाल्याची ती पहिली वेळ. तेवढ्यात कुंपणापलीकडच्या वाटेनं कळप निघाला. अर्धी मेंढरं कातरलेली, अर्धी तशीच. मग घोडं, त्यावर पालाचं सामान, आणि सामानावर फडक्यात गुंडाळलेलं मूल छातीशी धरून बसलेली पोर. भर उन्हाचं. शेवटी म्हाळूमामा.

फाटकासमोर आल्यावर त्याचा हात कमरेशी गेला. तो थांबला. इकडून तिकडून कंबर चाचपली, घोंगडी झटकली आणि बंगल्याकडं वळून बघितलं.

कातर माझ्या खुर्चीशेजारीच पडली होती, मघाशी त्यानं ठेवली होती तिथंच, पात्यांना मधाच्या रंगाचे केस चिकटलेले. राहिलेली अर्धी मेंढरं तो कशानं कातरणार होता? नुसतं “मामा” म्हणायचं होतं. पण तो आत आला असता, आणि डॉक्टरांनी त्याला दोन शब्द विचारले असते.

त्याची नजर नळावरून, टेबलावरून फिरत माझ्यापर्यंत आली.

मी मांडीवरचा टॉवेल कातरीवर टाकला, आणि चहाचा कप उचलला.